राजेंद्र चोळाचं कौतुक करताना जाळलेल्या गावांचं काय करायचं?

कृष्णाकाठची लेक

मी मूळची शिरोळ तालुक्यातली, आजोळ उमरग्याचं, नोकरीमुळे सध्या चेन्नईत. या दिवाळीत लेकीला घेऊन तंजावर, दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम पाहून आले. तंजावरच्या मोठ्या देवळापुढे माणूस गप्पच होतो. तमिळ देशातल्या चोळ राजांचं १०१० सालचं ते काम. त्याच देवळाच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. लेकीनं अक्षरं लावत चार ओळी वाचल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग राजवाड्यातल्या संग्रहालयात गेलो. तिथे पुरुषभर उंचीचा एक काळ्या दगडाचा द्वारपाल आहे. आजूबाजूच्या मूर्तींपेक्षा घडण वेगळी. पायाशी तमिळ अक्षरं. सोबतच्या मैत्रिणीनं वाचून सांगितलं, "विजयराजेंद्रदेवांनी कल्याणपुर जाळून आणलेला द्वारपाल." विजयराजेंद्र म्हणजे राजेंद्र चोळाचा मुलगा राजाधिराज. आणि कल्याणपुर म्हणजे चोळांशी लढणाऱ्या चालुक्यांची राजधानी, आजचं बसवकल्याण. माझ्या आजोळाहून तासाभरावर.

लेक म्हणाली, "आई, म्हणजे हा आज्जीच्या गावाकडचा आहे? पळवून आणलाय?"

मी हो म्हटलं आणि पुढे काय सांगावं ते सुचलं नाही. राजेंद्र १०१४ ते १०४४ गादीवर होता. गंगेपर्यंत सैन्य नेलं, १०२५ मध्ये समुद्र ओलांडून आजच्या इंडोनेशियातल्या श्रीविजय राज्यावर आरमार धाडलं. जुलै २०२५ मध्ये त्याच्या नावाचं नाणंही निघालं. मला स्वतःला त्याचं फार कौतुक आहे, अजूनही आहे. पण त्या द्वारपालानं मला गाठलं. एवढ्या मोठ्या राजाचं कौतुक करताना त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या फौजांनी जाळलेली गावं आपण मनात कुठे ठेवायची? तुम्ही मुलांना काय सांगता?

रानवाट

वेगळा धागा. वाचतोय.

शिलालेखवेडा

ताई, तुमचा प्रश्न हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलाय. जुन्या धारवाड भागात होट्टूर नावाचं गाव आहे. तिथला शके ९२९ चा, म्हणजे १००७ सालचा कानडी लेख चालुक्य सत्याश्रयाच्या काळातला. त्यात म्हटलंय की चोळकुळाचा अलंकार राजेंद्र नऊ लाखांचं सैन्य घेऊन आला, सगळा मुलूख लुटला, बायका, मुलं आणि ब्राह्मण मारले, मुली धरून नेल्या. तेव्हा राजेंद्र अजून युवराज होता आणि गादीवर त्याचा बाप राजराज होता.

आपल्याकडे राजेंद्राच्या गोष्टी गंगेपासून सुरू होतात. कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबातल्या लोकांची त्याच्याशी ओळख पंधरा वर्षं आधीच झाली होती.

हिशेबनीस

नऊ लाख? अहो, नऊ लाख माणसांना रोज अर्धा किलो धान्य धरलं तरी साडेचार हजार क्विंटल रोज लागतं. वर हत्ती, घोडे, बैल. अकराव्या शतकात दुआबातल्या कुठल्या रस्त्यानं एवढं आणणार? हा आकडा नाही, आरडाओरडा आहे. हरलेल्याच्या लेखात शत्रू राक्षसच असतो. त्यावरून एखाद्या राजाला क्रूर ठरवणं मला पटत नाही.

तंजावूरकर

हिशेबनीसांशी सहमत, आणि थोडं जास्तच लिहितो, कारण विषय घरचा आहे. आमचं घराणं एकोजीराजांबरोबर, म्हणजे शिवरायांच्या सावत्र भावाबरोबर, या बाजूला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दारात तमिळ. कावेरीच्या पाण्यावर पिढ्या जगल्या, आणि त्या पाण्याची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या कुणी सांभाळली तेही ठाऊक आहे. राजेंद्रानं गंगेचं पाणी आणलं ते कशात ओतलं? तलावात. तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात त्या तलावाला 'पाण्याचा जयस्तंभ' म्हटलंय. दगडाचा खांब उभारायचा सोडून विजयाची खूण म्हणून तळं खोदणारा राजा मला तरी दुसरा माहीत नाही.

शिवाय तंजावरच्या देवळात नुसत्या लुटीचा हिशेब नाही. नर्तकी, वादक, दिवे लावणारे, हिशेब लिहिणारे, कुणाला किती भात मिळायचा ते सगळं भिंतीवर आहे. नागपट्टिनमच्या बौद्ध विहाराला गाव लावून दिलं ते याच घराण्यानं. युद्ध त्या काळी सगळेच करत. चालुक्यांनी काय कमी केलं? त्यांचा दरबारी कवी बिल्हण आपल्या काव्यात चालुक्य राजा आहवमल्लानं चोळांची कांची घेतल्याचं किती थाटात सांगतो! कांचीतली माणसं तेव्हा काय फुलं उधळत होती?

रागावून लिहीत नाही. फक्त चोळांना एकट्याला उभं करू नका एवढंच.

गुरुजी_नांदेड

तंजावूरकर, तळ्याबद्दल अगदी बरोबर, आणि बिल्हणाचा मुद्दाही रास्त. पण हिशेबनीसांच्या 'हरलेल्याचा आरडाओरडा' याला उत्तर द्यायलाच हवं. तीस वर्षं इतिहास शिकवला. मुलंही हेच विचारायची, "सर, शत्रूनं लिहिलंय, खरं कशावरून?"

होट्टूर बाजूला ठेवा. चोळांचे स्वतःचे लेख घ्या. राजाधिराजाच्या प्रशस्तीत, म्हणजे पराक्रमाच्या वर्णनात, सिंहलच्या (लंकेच्या) राजाच्या आईचं नाक कापल्याची नोंद आहे. त्याच्या धाकट्या भावाच्या, वीरराजेंद्राच्या प्रशस्तीत चालुक्यांचा सेनापती चामुंडराजाचं डोकं उडवल्याचं आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, नागलैचं, नाक कापल्याचं लिहिलंय. ती मोरासारखी देखणी होती हेही आधी सांगितलंय! शत्रूनं केलेला हा आरोप नाही. ही त्यांनी स्वतः मिरवलेली गोष्ट आहे. राजाच्या प्रत्येक दानपत्राच्या सुरुवातीला ही प्रशस्ती यायची. देवळाला दिव्यासाठी चार मेंढ्या दिल्या, तरी त्या लेखाच्या वर हे सगळं.

आकडा खोटा असेल. कृत्य खोटं म्हणता येत नाही, कारण करणारा आणि सोसणारा दोघंही तेच सांगतात.

हिशेबनीस

गुरुजी, दोन्ही बाजू तेच सांगतात हा मुद्दा मान्य. माझा आक्षेप आकड्यापुरता ठेवतो.

पंचगंगा_तालीम

थांबा थांबा. चोळ कोल्हापुरापतोर आलते का न्हाई? आमच्या सरांनी एकदा सांगिटलंतं, इथं त्यांनी जयस्तंभ रोवला म्हणून. तवा आमी हसण्यावारी नेलं. खरं असंल तर खांब कुठं गेला?

शिलालेखवेडा

सर खरं सांगत होते. धाकट्या राजेंद्राच्या, म्हणजे राजाधिराजाच्या भावाच्या लेखांत आहे: रट्टपाडी साडेसात लक्ष, म्हणजे चालुक्यांचा मुलूख, जिंकला आणि कोल्लापुरम इथे जयस्तंभ उभारला. बहुतेक अभ्यासक कोल्लापुरम म्हणजे कोल्हापूरच धरतात. खांब मात्र उरलेला नाही.

त्याच लेखात पुढे कोप्पमची लढाई येते, १०५४ च्या सुमाराची. समोर आहवमल्ल सोमेश्वर. चालुक्यांनी सगळा मारा राजाच्या हत्तीवर धरला आणि राजाधिराज अंबारीतच मेला. तमिळ लेखांत त्याला नंतर 'हत्तीवर निजलेला देव' म्हणू लागले. फौज पळत सुटली, तेव्हा धाकट्या भावानं रणांगणातच मुकुट घातला आणि लढाई फिरवली.

हे कोप्पम कुठलं यावर वाद आहे. लेखात ते 'पेरारु'च्या, म्हणजे मोठ्या नदीच्या काठी असल्याचं म्हटलंय. काही जण तुंगभद्रेजवळचं कोप्पळ म्हणतात. काही जण कृष्णाकाठचं खिद्रापूर म्हणतात, कोपेश्वराचं.

कृष्णाकाठची लेक

खिद्रापूर!! अहो ते माझ्या माहेराहून सायकलवर जाण्याच्या अंतरावर आहे. श्रावणात आई आम्हाला कोपेश्वराला न्यायची. त्या स्वर्गमंडपात उताणं पडून वरचं गोल आभाळ बघत बसायचो. हे कुणी कधी सांगितलंच नाही.

शिलालेखवेडा

देऊळ लढाईनंतरचं, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्यामुळे लढाईची खूण देवळात शोधू नका. पण जागा तीच असेल तर नदी तीच आहे.

सीमावासी

एक विचारू? सगळे 'आपल्यावर' हल्ला झाला असं लिहिताहेत. चालुक्य आपले कधीपासून झाले? त्यांचा दरबार कानडी, लेख कानडी, राजधानी आज कर्नाटकात. आपण मराठी माणसं उगाच त्यांच्या जखमा अंगावर घेतोय.

गुरुजी_नांदेड

सीमावासी, चांगला टोचलात. पण सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, तिथे जाऊन या. तिथल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांतला एक. त्याच्या शेवटी लिहिलंय, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचील तो विजयी होईल.

तेव्हा तो मुलूख चालुक्यांचाच होता. म्हणजे कुणीतरी भीमेकाठी मराठीत हे कोरत होतं आणि तीनच वर्षांनी, १०२१ मध्ये, राजेंद्राची फौज मस्कीला चालुक्य राजा जयसिंहाशी लढत होती. मस्की रायचूर जिल्ह्यात, फार लांब नाही. दरबाराची भाषा कानडी असेल, पण ज्यांच्या शेतावरून फौजा गेल्या त्या माणसांत आपली भाषा बोलणारे होते. त्यांना मी परके कसे म्हणू?

सीमावासी

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पुढच्या आठवड्यात हत्तरसंगला जातोच.

सरळ_बोलतो

मला सगळ्यात आधी एवढंच विचारायचंय, सुलतानांनी देवळं फोडली की ते आक्रमक, आणि चोळांनी द्वारपाल उचलून नेला की तो सांस्कृतिक वारसा? एक मापदंड ठेवा. नाहीतर उद्या

संपादक मंडळ

या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे सात प्रतिसाद काढले आहेत. मापदंडाचा मुद्दा योग्य आहे, तो राहू दिला. एकमेकांच्या जाती-धर्मावर घसरू नका. धागा राजेंद्र चोळावर आहे.

शिलालेखवेडा

मापदंड एकच हवा याला माझाही दुजोरा. अण्णिगेरी आणि गावरवाडचे १०७१ च्या सुमाराचे लेख बघा. चोळानं चालुक्यांच्या बेळवोल प्रांतात शिरून गंग घराण्यातल्या पेर्माडीची जिनालयं, म्हणजे जैन मंदिरं, जाळली असं त्यांत आहे, आणि ते लिहिताना कोरणाऱ्याचा संताप लपत नाही. त्या चोळानं आपला कुलाचार सोडला आणि शेवटी त्याचं डोकं त्रैलोक्यमल्लाच्या, म्हणजे त्याच आहवमल्ल सोमेश्वराच्या हाती गेलं, असा शेवट केलाय. फरक आहे तो असा की चोळ जिथे मूर्ती नेत तिथे ती आपल्या देवळात पुन्हा उभी करत, वर नाव कोरत. तोडून टाकणं आणि मिरवत नेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण ज्याचं गाव जळलं त्याला त्या वेगळेपणाचा उपयोग काय होता, सांगता येत नाही.

कोलंबोहून_प्रमिला

नवऱ्याच्या कामामुळे चार वर्षं श्रीलंकेत आहोत. अनुराधापूर पाहिलंत का कुणी? मैलोन्‌मैल स्तूप आणि विहार. तिथल्या सिंहली गाईडच्या तोंडी चोळ हा शब्द अजूनही ताज्या दुखण्यासारखा येतो. राजराजाच्या काळात अनुराधापूर पडलं, राजधानी पोलोन्नरुवाला गेली. १०१७ मध्ये राजेंद्राच्या फौजांनी पाचव्या महिंदाला पकडून भारतात नेलं. बारा वर्षांनी तो तिथेच मेला. चूळवंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या बखरीत, लिहिलंय की चोळांनी धातुगर्भ (स्तूपांतल्या पवित्र अवशेषांच्या कोठड्या) फोडले, सोन्याच्या मूर्ती नेल्या, रक्त पिणाऱ्या यक्षांसारखं लंकेचं सत्त्व शोषून घेतलं. १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूनं त्यांना घालवलं, तो तिकडे थोर राजा.

पण पोलोन्नरुवात चोळांच्या काळातलं दगडी शिवमंदिर आहे. वानवनमहादेवीच्या, म्हणजे राजराजाच्या राणीच्या नावाचं. छोटंसं, फार देखणं. आसपासचे लोक आजही तिथे फुलं वाहतात. गाईडनं आम्हाला आधी लुटीची गोष्ट सांगितली, मग चपला काढून देवळात नेलं. दोन्हींत त्याला काही अडचण वाटली नाही.

तंजावूरकर

प्रमिलाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अनुराधापूरचं असं तपशिलात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे 'ईळम (लंका) जिंकला' या दोन शब्दांत संपतं ते.

हावड्याची_सून

खूप वेळ लिहू की नको करत होते. माझं सासर बंगाली. लेक झाली तेव्हा सासूबाई रात्री तिला मांडीवर घेऊन एक अंगाईगीत म्हणायच्या. चाल इतकी गोड की मीही गुणगुणायला लागले. अर्थ कळला तो तीन महिन्यांनी. बाळ झोपलं, गाव शांत झालं, बर्गी आले देशात, बुलबुलानं धान खाल्लं, आता सारा कशातून भरू?

बर्गी म्हणजे बारगीर. म्हणजे आपण. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा, १७४१ पासून दहा वर्षं. कोलकात्यात त्यांच्या धास्तीनं १७४२ मध्ये खंदक खणला, त्याचं नावच मराठा डिच. गंगाराम नावाच्या कवीनं तेव्हाच त्यावर काव्य लिहिलं, त्यात गावातल्या बायकांचे जे हाल सांगितलेत ते मी इथे लिहू शकत नाही.

मी नागपूरची. महालातल्या वाड्यांचा, रघुजीराजांचा अभिमान दुधाबरोबर मिळालेला. सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही मला सून करून घेतलीत तेव्हा हे मनात आलं नाही?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आलं होतं. पण तू आलीस ती हातात तांदूळ घेऊन."

म्हणून कृष्णाकाठच्या ताई, तुमचा प्रश्न मला घरातला वाटतो. चोळांबद्दल आपण जे तंजावूरकरांना विचारतोय, तेच मला रोज स्वयंपाकघरात विचारलं जाऊ शकतं.

पंचगंगा_तालीम

वैनी, दंडवत. ह्ये आमाला कुनी शिकवलंच न्हाई.

सरळ_बोलतो

बंगालची गोष्ट वेगळी आहे. ती चौथाईची वसुली होती, बंगालचा नवाब अलीवर्दीखानानं चौथाई दिली असती तर वेळ आली नसती. रघुजींचे सेनापती भास्करपंत यांना बोलणीला बोलावून १७४४ मध्ये दगा करून मारलं ते कुणी? एकदम स्वतःला गुन्हेगार ठरवायची घाई नको.

हावड्याची_सून

भास्करपंतांना दगा झाला, खरंय. पण बर्दवानच्या शेतकऱ्यानं तो केला नव्हता, आणि जळलं त्याचं घर.

रानवाट

अशोक आठवला. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख धरून नेले, हे त्यानं स्वतः तेराव्या शिलालेखात सांगितलं आणि दुःख झाल्याचंही सांगितलं. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, तो लेख त्यानं कोरलाच नाही. तिथे वेगळे लेख आहेत, 'सगळी माणसं माझी लेकरं' असं म्हणणारे. ज्यांच्यावर घडलं त्यांच्यापुढे ते पुन्हा उगाळायला त्याला संकोच वाटला असावा, असं मला वाटतं. राजेंद्राच्या घराण्यात तसा संकोच मला सापडत नाही.

तंजावूरकर

सापडत नाही, हे मीही मान्य करतो. पण रानवाट, त्या घराण्याचं पुढे काय झालं तेही बघा. गंगैकोंडचोळपुरम अडीचशे वर्षं राजधानी होती. आज देवळाशेजारी गुरं चरतात. राजवाड्याच्या जागी मालिगैमेडू नावाची विटांची टेकडी उरलीय. देवळाच्या आवाराची भिंत १८३६ मध्ये कावेरीच्या फाट्यावरचं, कोल्लिडमवरचं धरण बांधायला उपसून नेली. ज्यांनी दुसऱ्यांचे दगड आणले त्यांचेही दगड गेले. माझ्या आजोबांना याचं फार वाईट वाटायचं, मलाही वाटतं. वर ताईंनी द्वारपालाबद्दल लिहिलंय ते वाचून पहिल्यांदा वाटलं, कल्याणच्या कुणाला तरी असंच वाटलं असेल.

गुरुजी_नांदेड

राहून गेलेली एक गोष्ट. कोप्पमच्या लेखात लुटीची यादी आहे. हत्तींची नावं दिलीत: शत्रुभयंकर, करभद्र, मूलभद्र. मग घोडे, उंटांचे कळप, चालुक्यांचा वराहध्वज. आणि त्याच ओळीत पुढे सत्तियव्वै, सांगप्पै या राण्या आणि इतर बायकांचा घोळका.

उंटांनंतर बायका. चोळांच्या राजवाड्यांत 'वेळम' नावाच्या वस्त्या असत. तिथे काम करणाऱ्या बायकांत युद्धात धरून आणलेल्या बऱ्याच असाव्यात, असं अभ्यासक म्हणतात. या दोघींचं पुढे काय झालं ते कुठल्याच लेखात नाही.

मी अक्कलकोटकडचा. माझ्या पणजीचं नाव सत्यव्वा होतं. वर्गात ही यादी वाचून दाखवायचो तेव्हा त्या नावापाशी आवाज अडकायचा. मुलं विचारायची, "सर, काय झालं?" मग मी सांगायचो.

कृष्णाकाठची लेक

गुरुजी, माझ्या आजोळच्या गल्लीत आजही दोन सत्यव्वा आहेत.

काल रात्री लेकीला धाग्यातलं झेपेल तेवढं वाचून दाखवलं. तळ्याचं सांगितलं, समुद्रापार गेलेल्या जहाजांचं सांगितलं. ते तिला आवडलं, मलाही सांगताना आवडतं. मग सत्तियव्वैचं सांगितलं. बंगालचंही सांगितलं, कारण नुसतं चोळांचं सांगून थांबले असते तर ते खोटं झालं असतं. ती बराच वेळ गप्प होती. मग तंजावरच्या वहीत द्वारपालाचं चित्र काढलं होतं त्याच्याखाली तिनं लिहिलं: 'गाव कल्याण. सोबत सत्यव्वा आणि सांगव्वा.' मी विचारलं, राजाचं नाव नाही लिहिलंस? म्हणाली, "ते दगडावर आहे की."

मार्चमध्ये माहेरी जातोय. तिला खिद्रापूर दाखवायचंय. आता रस्ता कसा आहे?

पंचगंगा_तालीम

ताई, नरसोबावाडीवरनं कुरुंदवाड, तिथनं सरळ खिद्रापूर. रस्ता बरा हाय. पावसाळ्यात जाऊ नगा, कृष्णामाई फुगली की वाट बंद. मार्चात पानी उतरलेलं असतंय, देवळामागं पार नदीत उतरता येतं. कळवा, आमी बी येतो.

तंजावूरकर

मार्च कोणत्या आठवड्यात? मी कधी कृष्णा पाहिलेली नाही. जमलं तर येईन म्हणतो.